नवऱ्यानं घटस्फोटाची केस घातली, मग खर्च कुणी भरायचा? बेळगाव-चंदगडकडच्या एका भावाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. बहीण चंदगड तालुक्यातली, दिली बेळगावात. नवऱ्याचं उद्यमबागमध्ये मशीन शॉप आहे. मुलगी पाच वर्षांची. वर्षभर बहीण माहेरी आहे, ब्लाऊज-फॉल शिवून हातखर्चापुरतं मिळवते. आता नवऱ्यानं बेळगावच्या फॅमिली कोर्टात क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाची केस घातली आणि नोटीस आली. वकिलानं ६०,००० रुपये सांगितले, त्यातले अर्धे लगेच. तुम्ही सोसायटीत सोनं ठेवायच्या विचारात आहात. आणि तिकडून निरोप आला की म्युच्युअलला, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला, सही कर, पोटगी सोड, खर्च ज्याचा त्याचा, नाहीतर केस हरलीस की माझ्या वकिलाची फी पण तुझ्याकडूनच वसूल करणार. तुम्ही विचारलंय की हा खर्च न्यायानं कुणावर पडायला पाहिजे.

मी बेळगावच्या कोर्टात बरीच वर्षं अशाच केसेस चालवते, म्हणून स्पष्ट सांगते. सोनं ठेवायला आज जाऊ नका. आणि त्या निरोपातली धमकी मनातून काढून टाका.

आपल्याकडं लोकांच्या डोक्यात दोन समजुती पक्क्या बसल्यात. एक म्हणजे ज्यानं केस घातली त्यानं खर्च करायचा, दुसरी म्हणजे ज्याची चूक त्यानं खर्च करायचा. गावात पंच बसले तरी हेच बोलतात. कायदा केस चालू असताना यातलं काहीच बघत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ मधलं कलम २४ बघा, त्यात एवढंच विचारलंय की या दोघांपैकी कुणाकडं स्वतःच्या पोटापुरतं आणि केस लढण्यापुरतं स्वतंत्र उत्पन्न नाही, आणि समोरच्याकडं आहे का. असेल तर कोर्ट त्याला सांगतंय की केसचा खर्च पण दे आणि केस संपेपर्यंत महिन्याला पैसे पण दे. चूक कुणाची ते शेवटी पुराव्यावर ठरणार, त्याला वर्षं लागतील, तोपर्यंत ज्याच्या हातात पैसा त्याचाच वकील बोलणार आणि दुसरी बाजू गप्प बसणार असं होऊ नये म्हणून हे कलम आहे. आणि हे फक्त बाईसाठी नाही हां, बायको सरकारी नोकरीत आणि नवरा अंथरुणाला खिळलेला असेल तर तोसुद्धा याच कलमाखाली तिच्याकडून खर्च मागू शकतो, आणि त्यात त्याला लाज वाटायचं काही कारण नाही.

आता हरल्यावर त्याच्या वकिलाची फी भरायची भीती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये जिंकणाऱ्याला खर्च देववायचा अधिकार कोर्टाला आहे हे खरं, पण नवरा-बायकोच्या केसमध्ये शेवटच्या ऑर्डरमध्ये बहुतेक वेळा एकच ओळ असतेय, ज्याचा खर्च त्यानं सोसावा. मुद्दाम खोटा दावा किंवा खोटा बचाव केला म्हणून कलम ३५अ खाली दंडासारखा खर्च लावला तरी त्याची मर्यादा ३,००० रुपये आहे. म्हणजे त्याच्या वकिलाची लाखाची फी तुमच्या बहिणीच्या डोक्यावर पडेल असं समजून कुणी म्युच्युअलच्या कागदावर सही करू नये. असा निरोप घाबरवायलाच पाठवलेला असतोय.

पण कलम २४ चं काम आपोआप होत नाही, मागावं लागतंय. इथंच बहुतेक लोक चुकतात. आधी वकिलाला पैसे देतात, मग म्हणणं दाखल करतात, मग चार-सहा तारखा जातात आणि पैसे संपल्यावर विचारतात की आता काहीतरी मिळेल का मॅडम. पहिल्या हजेरीलाच, वकालतनाम्याबरोबर, कलम २४ चा अर्ज घालायचा. आपल्या कर्नाटकच्या कोर्टात त्याला आय.ए., म्हणजे चालू केसमधला मधला अर्ज, म्हणतात, तेव्हा तुमच्या वकिलाला सरळ विचारा की आय.ए. कधी घालताय. अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या: बहिणीची महिन्याची पोटगी, मुलीचा खर्च, आणि केसचा एकरकमी खर्च. हा तिसरा भाग लोक एकतर विसरतात नाहीतर 'योग्य तो खर्च मिळावा' असं मोघम लिहितात. मोघम मागितलं की मोघमच मिळतंय. वकील फी किती, टायपिंग-नोटरी किती, भाषांतर किती, चंदगडहून प्रत्येक तारखेला दोघांचं येणं-जाणं किती, मुलीला घरी ठेवून यायला सोय करावी लागली तर ते किती, असा हिशेब मांडायचा आणि जमेल तेवढ्या पावत्या लावायच्या.

किती मिळेल? खरं सांगायचं तर पूर्ण फी सहसा मिळत नाही. खालच्या कोर्टात १०,००० किंवा २५,००० अशा एकरकमी ऑर्डर मी बघत आलेय. नवऱ्याची ऐपत नीट दाखवता आली तर जास्त, नाही दाखवता आली तर कमी. म्हणून खरी मेहनत ऐपत दाखवण्यात घालायची.

त्यासाठी सुप्रीम कोर्टाचा रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल फार कामाचा आहे. त्यानंतर पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च हे सगळं ठरलेल्या नमुन्यात ॲफिडेव्हिटवर द्यावं लागतंय. शेती असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, आपल्या ऊसवाल्या भागात तो लागतोच. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्याच निकालात आहे, म्हणून अर्ज जितका उशिरा तितकं तुमचं नुकसान. उद्यमबागचा मालक कोर्टात येऊन म्हणणार की मी भावाच्या शॉपमध्ये पगारावर आहे, महिना १२,००० मिळतात, हे मला आत्ताच दिसतंय, हे अगदी नेहमीचं उत्तर आहे. तेव्हा आधीच गोळा करा: जीएसटी नंबर कुणाच्या नावावर, शॉपचा बोर्ड आणि व्हिजिटिंग कार्डचा फोटो, गाडीची आरसी, गावाकडं जमीन असेल तर पहाणी पत्रक, म्हणजे इकडचा सातबारा, ते ऑनलाइन निघतंय, साखर कारखान्याचं ऊसबिल, मुलीच्या शाळेची फी पूर्वी कुठल्या खात्यातनं जात होती ते. लग्नातलं राहणीमान दाखवणारे साधे फोटोसुद्धा उपयोगी पडतात. त्यानं ॲफिडेव्हिटमध्ये लपवलं आणि तुम्ही कागद दाखवला तर कोर्ट त्याच्या विरुद्ध अंदाज काढू शकतंय.

तुमच्या बहिणीनं शिलाईचं उत्पन्न लपवू नये. काही लोक सल्ला देतात की काहीच कमवत नाही म्हणून लिही. असं अजिबात करू नका. थोडंफार कमावते म्हणून हक्क जात नाही, ते उत्पन्न पोटाला आणि केसला पुरतंय का एवढाच प्रश्न असतोय. पण खोटं लिहिलं आणि गिऱ्हाईकांच्या यूपीआयच्या नोंदी समोर आल्या की बाकी खरं बोललेल्यावर पण विश्वास राहत नाही.

कायद्यात म्हटलंय की हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. प्रत्यक्षात जास्त वेळ जातोय, समोरचा वकील ऑब्जेक्शन घालायलाच दोन-तीन तारखा मागतोय. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट बहिणीच्या बाजूनं आहे: केस त्यानं घातलीय, घाई त्याला आहे. ऑर्डर झाली आणि त्यानं पैसे भरले नाहीत तर त्याची केस पुढं चालवू नका असं आपण मागू शकतो, आणि कोर्ट बऱ्याचदा ऐकतंय. उलट तिनं केस घातली असती आणि तो पैसे चुकवत असता तर त्याचा बचाव काढून टाकायची मागणी करता येते, पण ते कोर्ट शेवटचा उपाय म्हणून वापरतंय. शिवाय एक्झिक्युशन, म्हणजे ऑर्डरच्या अंमलबजावणीचा अर्ज, घालून वसुली आहेच. तो त्या ऑर्डरविरुद्ध धारवाडला हायकोर्टात रिट घालू शकतोय, घालू दे, नुसतं रिट घातलं म्हणून ऑर्डर थांबत नाही, स्टे लागतोय.

आता सोनं का ठेवू नका म्हटलं ते. बहिणीला वकील फुकट मिळू शकतोय. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणं बाईला तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे. लहान मुलं, एससी-एसटी, अपंग, कोठडीतले लोक यांनाही तसाच. बाकी पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा लागते. बेळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारात आहे, आधार कार्ड, नोटीस आणि साधा अर्ज घेऊन जायचं, नाहीतर १५१०० या हेल्पलाइनला फोन करायचा. त्यात फक्त वकील नाही तर कोर्ट फी, प्रोसेस फी, नकला, भाषांतर हे पण बसू शकतंय. आणि पॅनेलवरच्या वकिलानं तुमच्याकडून वेगळे पैसे मागायचे नाहीत, मागितले तर तिथंच ऑफिसात तक्रार करा. लोक म्हणतात फुकटचा वकील नीट बघत नाही. काही कमी पडतात हे मी नाकारणार नाही, पण मनापासून काम करणारे पण मी रोज बघते, आणि जमत नसेल तर वकील बदलून मागता येतो. निदान कलम २४ ची ऑर्डर होईपर्यंत या मार्गानं चालवा, नंतर हातात पैसे आले की पाहिजे तो वकील लावा.

खाजगी वकीलच लावायचा ठरला तर लाजू नका, हे विचारून घ्या: फी संपूर्ण केसची की टप्प्याटप्प्यानं, त्यात साक्षीपुरावा आणि उलटतपास धरलाय का, टायपिंग आणि नोटरी वेगळी का, हायकोर्टात गेलं तर काय. एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा, कारण तीच पावती कलम २४ ला लागतेय. 'मिळालेल्या पोटगीतले इतके टक्के माझे' असं कुणी म्हणालं तर उठून या, बार कौन्सिलच्या नियमानं तशी फी ठरवायला बंदी आहे. आणि फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टानं आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सांगितलंय.

आता आपल्या सीमेवरच्या लोकांचा खास खर्च, ज्याचा हिशेब पुण्या-मुंबईचा सल्ला देणारा कधी करत नाही. बेळगावच्या कोर्टाचं काम कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये चालतंय. तुमचे कागद मराठी. लग्नपत्रिका, माहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पंचांनी लिहिलेला कागद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं भाषांतर करून लावावं लागतंय, आणि पानामागं पैसे जातात. तेव्हा सगळं चॅट छापत बसू नका, कामाची पानं निवडा, आणि मोबाइलमधला पुरावा लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतंय ते एकदमच करून घ्या, नाहीतर दोनदा खर्च. त्यानं घातलेला कन्नड अर्ज बहिणीला वाचता येत नसेल तर वकिलाला तो ओळ न ओळ मराठीत सांगायला लावा, त्याशिवाय कुठल्याही ॲफिडेव्हिटवर सही नको.

यावर उपाय पण सीमेवरच आहे. बहीण चंदगड तालुक्यात राहते, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी, म्हणजे पूर्वीचं १२५, किंवा कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालचा अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात घालू शकते. तिथं कामकाज मराठीत, भाडं कमी, तालुका विधी सेवा समितीचा वकील पण मिळतोय, आणि कलम १४४ मध्ये तात्पुरत्या पोटगीबरोबर केसचा खर्च पण मागता येतोय. फक्त एक लक्षात ठेवा, एका कोर्टात काय मिळालं ते दुसऱ्या कोर्टाला सांगावंच लागतंय आणि रक्कम एकमेकांत वळती होते, दोन्हीकडून पूर्ण-पूर्ण मिळत नाही. माझं स्वतःचं मत असं की बेळगावात कलम २४ आणि चंदगडला एक, एवढंच पुरे. चार ठिकाणी चार केसेस घालायचा सल्ला देणारे भेटतील, पण प्रत्येक केसला तारीख असतेय आणि प्रत्येक तारखेला बहिणीची शिलाई बुडते.

काहीजण सांगतील की बेळगावची केसच महाराष्ट्रात बदलून घ्या. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात केस न्यायची म्हणजे थेट सुप्रीम कोर्टात ट्रान्स्फर पिटिशन, दिल्लीचा वकील. बायकोची सोय कोर्ट बघतंय हे खरं, लांबच्या केसमध्ये मी स्वतः तसं करायला सांगते. पण चंदगडहून बेळगाव काही गडहिंग्लजपेक्षा फार लांब नाही, शिनोळी ओलांडली की आलंच. त्यापेक्षा इथंच प्रवासखर्च मागा, आणि दरवेळी बहिणीनं यायची गरज नसते, वकील हजर राहिला तर चालतंय. समुपदेशन, मीडिएशन आणि साक्षीला मात्र यावं लागेल. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसाठी पण अर्ज करता येतो.

आणि पंचांसमोर शंभरच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करायची, त्याचे वकिलाला नाहीतर एजंटला पाच-दहा हजार द्यायचे, हा प्रकार खानापूर, निपाणीकडं अजून चालतोय. जातीत तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध केल्याशिवाय त्या कागदानं घटस्फोट होत नाही. तो सगळा पैसा पाण्यात, आणि पुढं दुसरं लग्न केलं तर नवीनच भानगड.

राहिला म्युच्युअलचा मुद्दा. म्युच्युअल वाईट नाही. दोघांना खरंच राहायचं नसेल तर हिंदू विवाह कायद्यातल्या कलम १३ब चा मार्ग सगळ्यात स्वस्त आहे, पैशानंही आणि मनानंही. कोर्टाचं मीडिएशन तर फुकटच असतंय, तिथं बसून बोला. पण खर्चाची बोली नीट करा. 'ज्याचा त्यानं' हे ऐकायला सरळ वाटतंय, पण एकीकडं मशीन शॉप आणि दुसरीकडं शिलाई मशीन असताना अर्धं-अर्धं म्हणजे न्याय नव्हे. मी तरी दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च वाटायला सांगते, आणि इथं तर सगळा त्यानंच भरावा असं म्हणेन. पुढची गोष्ट, मुलीची पोटगी सोडायचा अधिकार आईला नाही. तो हक्क मुलीचा आहे. वकिलाच्या ५०,००० साठी मुलीची तेरा वर्षांची पोटगी सोडून देणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि दरवेळी जीव तुटतोय, कारण तिथं तिला कुणी हिशेबच करून दाखवलेला नसतोय. महिना ५,००० धरला तरी वर्षाचे ६०,००० होतात, म्हणजे ज्या खर्चाला ती भ्यायली तो एका वर्षात भरून निघाला असता.

म्युच्युअलच्या कराराच्या कागदात खर्चाच्या या गोष्टी लिहून घ्या, नाहीतर मागनं निघतात. त्याच्यावर छळाची, ४९८अ म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची तक्रार असेल तर ती नुसती आपण मागं घेतली म्हणून संपत नाही, हायकोर्टात रद्द करून घ्यावी लागतेय, तो खर्च त्याचा. फ्लॅट किंवा प्लॉट बहिणीच्या नावावर करणार असेल तर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन कुणाचं. सोनं परत देणार तर वजन किती आणि कुठल्या तारखेला. आणि पैसे कधी. पहिल्या सहीला, म्हणजे अर्ज घालताना, अर्धे, दुसऱ्या सहीला, म्हणजे शेवटी कोर्टात परत संमती देताना, अर्धे डीडीनं, कोर्टासमोर. दुसऱ्या सहीपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतोय, म्हणून सगळे पैसे पुढं ढकलणारा करार नको. दोघांना मिळून एकच वकील चालतो, खर्च वाचतो, पण तो वकील बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याचा असतोय, म्हणून सही करण्याआधी कागद दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घ्या, विधी सेवाच्या ऑफिसात फुकट वाचून मिळतोय.

बाकी तुम्ही भाऊ म्हणून खर्च करायलाय, ते करा, पण वहीत लिहून ठेवा आणि शक्यतो बहिणीच्या खात्यात टाकून तिथनं वकिलाला द्या. भाऊ बघतोय म्हणजे तिला गरज नाही असं समोरचा वकील म्हणतोच, त्यावर उत्तर हे की माहेरच्यांनी केलेली मदत म्हणजे तिचं उत्पन्न नव्हे, त्यानं नवऱ्याची जबाबदारी सुटत नाही. तुमच्या घरी बायको-मुलं आहेत, वहिनीला पण हा हिशेब दाखवा, पुढं घरात बोलणं नको.

नोटिशीवर पहिली तारीख असेल ती चुकवू नका, गैरहजर राहिलं की एक्स पार्टी, म्हणजे एकतर्फी, होतंय आणि ते उठवायला परत खर्च. त्याच्या एक दिवस आधी बहिणीला घेऊन विधी सेवाच्या ऑफिसात जा. बरोबर नोटीस आणि त्यासोबत आलेली अर्जाची नक्कल, आधार, बँक पासबुक, मुलीचा जन्मदाखला, शाळेच्या फीची पावती, लग्नपत्रिका आणि फोटो, आणि वर सांगितलेले त्याच्या शॉपचे कागद घ्या. वकील नेमून मिळाला की पहिलं वाक्य हेच बोला, कलम २४ चा आय.ए. पहिल्याच तारखेला घालायचा आहे, खर्चाचा हिशेब आम्ही लिहून आणलाय.